पोरांना रिंग घेताय? मग चार घरांनी मिळून लोखंडाची घ्या

दाराला अडकवायची प्लास्टिकची बास्केटबॉल रिंग आणि तिच्याबरोबर मिळणारा मोसंबीएवढा चेंडू ही काय आरोग्याच्या पानावर चर्चा करण्याची वस्तू आहे, असे कोणी विचारील. आमच्या मते आहे. सुट्टी लागली की बाजारात या रिंगा लटकलेल्या दिसतात. पोर हट्ट करते, आई चार घरची कामे करून आलेल्या पैशातून ती घेऊन देते. पहिल्या आठवड्यात हूक तुटतो, दुसऱ्या आठवड्यात चेंडू गटारात जातो आणि तिसऱ्या आठवड्यात पोर पुन्हा मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसते. पैसे गेले त्याचे दुःख फार नाही. घरातली माणसे मात्र त्यावरून ठरवून टाकतात की खेळाची वस्तू म्हणजे फुकटची उधळण. पुढच्या वेळी मुलगी खरोखर खेळायचे म्हणते तेव्हा तिला नाही म्हटले जाते. हे नुकसान मोठे आहे.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. एका घराने प्लास्टिकची रिंग घेऊ नये. चार-पाच घरांनी, शक्य असेल तर अख्ख्या गल्लीने मिळून एक लोखंडी रिंग बनवून घ्यावी आणि ती नीट जागी, नीट उंचीवर लावावी.

वस्तीत खेळ म्हटले की क्रिकेट, आणि क्रिकेट अख्खी गल्ली मागते. दोघे खेळतात, आठजण उभे राहतात. मुली दारात उभ्या राहून बघतात, फार तर चेंडू आणून देतात. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल हवी, आणि आठवड्यातून निदान ३ दिवस हाडे-स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा. शाळेतला पी.टी.चा तास आठवड्यातून एक-दोनदा असतो, तोही बऱ्याचदा गणिताच्या बाई घेऊन जातात. मग हे ६० मिनिटे कुठून आणायचे? बास्केटबॉलमध्ये धावणे, उडी, वळणे आणि फेकणे सगळे आले. उडीमुळे पायांच्या हाडांवर जो भार पडतो तो वाढत्या वयात हाडे मजबूत करतो. आणि हा खेळ एका रिंगवर होतो. ‘थ्री बाय थ्री’ नावाचा तीन-तीन जणांचा प्रकार तर एकाच रिंगसाठी बनलेला आहे. १० मिनिटे खेळायचे, किंवा आधी २१ गुण करील तो जिंकला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार पहिल्यांदा खेळला गेला. तेव्हा एक रिंग म्हणजे अर्धा खेळ, असा कमीपणा कोणी मानू नये.

या खेळाचा जन्मही थाटामाटात झालेला नाही. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाला थंडीत बंद हॉलमध्ये खेळता येईल असा खेळ हवा होता. त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या घेतल्या आणि हॉलच्या सज्जाला खिळ्यांनी ठोकल्या. सज्जा १० फुटांवर होता म्हणून टोपली १० फुटांवर लागली आणि आजही जगभर रिंग त्याच उंचीवर असते. टोपलीला बूड होते, त्यामुळे प्रत्येक वेळी कोणीतरी वर चढून चेंडू काढायचा. मार्च १८९३ मध्ये सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजात मुलींचा सामना घेतलाही. म्हणजे हा खेळ मुलींकडे मागाहून, उपकार म्हणून आलेला नाही.

आपल्याकडचे उदाहरण हवे तर मुंबईतल्या नागपाड्याचे घ्या. दाटीवाटीचा, कष्टकऱ्यांचा भाग. तिथल्या छोट्या कोर्टांवरून खेळाडूंच्या पिढ्या घडल्या. भारतीय संघाचे कर्णधार झालेले आणि अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे. मोठे मैदान नसले तरी चालते, हे तिथे केव्हाच सिद्ध झाले आहे.

आता रिंगविषयी. खऱ्या रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर असतो. मोठा चेंडू साधारण २४ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे रिंग त्याच्या जवळपास दुप्पट रुंद असते. दुकानातल्या स्वस्त रिंगा बऱ्याचदा याहून लहान असतात, त्यातून खरा चेंडू अडखळत जातो आणि पोर कंटाळते. घेताना किंवा बनवताना टेपने आतला व्यास मोजा, बाहेरचा नव्हे. सळई १६ ते २० एमएम जाडीची हवी. पोकळ पाइपची रिंग दिसायला जाड आणि झकास दिसते, पण कोणी एकदा लोंबकळले की वाकते.

वस्तीत सळई कापणारे, वाकवणारे, वेल्डिंग करणारे हात आहेतच. त्यांना हिशोब सांगायची गरज नाही, पण वर्गणी काढणाऱ्यांसाठी सांगतो. १६ एमएमची सळई मीटरला १.५८ किलो भरते आणि ४५ सेंटिमीटरच्या रिंगला साधारण दीड मीटर सळई लागते. म्हणजे रिंगचे लोखंड सव्वादोन-अडीच किलो. २० एमएमची केली तर पावणेचार किलोच्या आत. वर मागची पट्टी, दोन आधार आणि मजुरी. भंगारात वजन करून घेणाऱ्या माणसालाही कळेल की यात फसवले जाण्यासारखे फार काही नाही. एक मात्र बघा. स्लॅबला वापरतात ती करकरीत खाचांची सळई घेऊ नका, गुळगुळीत प्लेन सळई घ्या. खाचांनी बोटे सोलतात आणि जाळी महिन्याभरात तुटते. जाळी अडकवायला खालून १२ छोट्या कड्या वेल्ड करून घ्या, त्यांची टोके घासून गोल करा. स्प्रिंगची, झुकणारी रिंग दुकानदार दाखवील. ती वर उडी मारून रिंगला लटकणाऱ्या उंच खेळाडूंसाठी असते. आपल्याला तिचा उपयोग नाही, पैसे चेंडूसाठी ठेवा.

मागचा बोर्ड नसला तर खेळ निम्मा कमी होतो, कारण शिकणाऱ्या मुलांचे बहुतेक गोल बोर्डला आपटूनच होतात. पूर्ण मापाचा बोर्ड १.८० मीटर रुंद आणि १.०५ मीटर उंच असतो. गल्लीत एवढा लागत नाही. चार फूट बाय तीन फुटांचा वॉटरप्रूफ प्लाय, १८ एमएमचा, कडांसकट तेलरंगाचे दोन हात दिलेला, पुष्कळ झाला. कडांना रंग नसला तर पहिल्या पावसाळ्यातच थर सुटतात. रिंगच्या वर ५९ बाय ४५ सेंटिमीटरचा चौकोन रंगवा. त्याच्या वरच्या कोपऱ्यावर नेम धरला की चेंडू रिंगमध्ये उतरतो, हे मुलांना दोन दिवसांत समजते. रिंगची जवळची कड आणि बोर्ड यांत १५ सेंटिमीटर अंतर हवे. हे अंतर न ठेवता रिंग बोर्डला चिकटवून वेल्ड केलेली आम्ही पाहिली आहे. तिच्यात बोर्डवरून चेंडू नीट उतरत नाही.

पण आमच्या मते सगळ्यात जास्त डोके लावायचे ते जागेला. पत्र्याच्या घराला रिंग लावायची नाही, हे सांगायला नको. चार इंची विटांच्या भिंतीलाही लावू नये. मुलांना कितीही सांगा, कोणी ना कोणी रिंगला लोंबकळणारच. चाळीस किलोचे पोर झोके घेऊ लागले की भिंतीतला प्लग सुटतो, आणि वरून बोर्ड, रिंग, विटा सगळे खाली येते. रिंग लावायची तर काँक्रीटच्या कॉलमला किंवा बीमला, चांगल्या फास्टनरने. जाड भिंत असेल तर आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी प्लेट. घर ज्याचे आहे त्याची परवानगी आधी, ड्रिल नंतर. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने हौसेने भोक पाडले आणि मालकाने त्याचे निमित्त करून खोली खाली करायला सांगितली, असे व्हायला नको.

भिंत नसेल तर खांब. जाड लोखंडी पाइप, निदान अडीच-तीन फूट खोल खड्डा, काँक्रीट, आणि आठवडाभर पाणी मारल्याशिवाय त्यावर काही टांगायचे नाही. खांबाला पाच-सहा फुटांपर्यंत जुन्या गादीचा स्पंज किंवा टायर गुंडाळा. मुले धावत येऊन डोके आपटतात. चाके असलेला, तळात पाणी किंवा वाळू भरायचा स्टँडही मिळतो आणि तो हलवता येतो म्हणून मोह होतो. पाणी गळते, कोणाच्या लक्षात येत नाही आणि हलका झालेला स्टँड लटकणाऱ्या मुलासकट उलटतो. घ्यायचाच असेल तर वाळूच भरा, आणि मागून भिंतीला साखळीने बांधा.

वर बघायला विसरू नका. आपल्या गल्ल्यांत डोक्यावरून विजेच्या तारा, केबल, इंटरनेटच्या वायरी जातात. रिंगच्या आसपास, चेंडू उडेल तिथपर्यंत वीजवाहिनी असेल तर ती जागा सोडून द्या, दुसरी कितीही सोयीची नसली तरी. मीटरच्या पेट्या, उघडे गटार, काचेची खिडकी, आजारी माणसाची खाट हेही बघायचे.

आणि रिंग गल्लीच्या बाजूच्या भिंतीवर लावू नका, गल्लीच्या टोकाला, बंद बाजूच्या भिंतीवर लावा. गल्ली आठ फूट रुंद आणि चाळीस फूट लांब असेल तर बाजूला लावलेल्या रिंगसमोर आठच फूट मिळतात. टोकाला लावली तर समोर सगळी लांबी मिळते. फ्री थ्रोची रेष बोर्डपासून ४.६० मीटरवर, म्हणजे पंधरा फुटांवर असते. चुन्याने किंवा पिवळ्या रंगाने तेवढी एक रेष मारली की सरावाची जागा तयार.

काही वस्त्यांत सपाट, फरशी केलेली जागा एकच असते, ती म्हणजे विहाराचे आवार. तिथे रिंग लावावी का, यावर वाद होतात. ज्येष्ठांना वाटते की तिथे आरडाओरडा नको. त्यांचे म्हणणे आम्ही टाकून देत नाही. पण संध्याकाळी मुले विहाराच्या आवारात येतात, मोठ्यांच्या नजरेसमोर राहतात, ही गोष्टही लहान नाही. आमचे मत असे की रिंग विहाराच्या भिंतीला लावू नये. आवाराच्या एका कोपऱ्यात स्वतंत्र खांब असावा, प्रवेशद्वाराच्या समोर नसावा आणि वंदनेच्या, सभेच्या, कोणाच्या घरच्या दुःखद प्रसंगी खेळ बंद असावा. एवढे पाळले तर वाद मिटायला हरकत नाही.

उंचीबद्दल आम्ही थोडे हट्टी आहोत. ‘खरी रिंग १० फुटांवर असते, मग आपलीही तिथेच’ असे दादामंडळी म्हणतात, कारण रिंग लावणारे तेच असतात. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ‘मिनी बास्केटबॉल’ नावाचा प्रकार आंतरराष्ट्रीय संघटनेनेच ठरवला आहे, त्यात रिंग २.६० मीटरवर असते, म्हणजे साधारण साडेआठ फूट. नऊ वर्षांची मुलगी १० फुटांवर चेंडू पोचवायला सगळे अंग मागे टाकून, खांद्याला झटका देऊन फेकते. खांदा दुखतो, फेकण्याची पद्धत बिघडते, आणि दहापैकी दहा वेळा चुकल्यावर ती घरी जाते. वस्तीत खेळणारी बहुतेक पोरे याच वयाची असतात. म्हणून रिंग साडेआठ फुटांवर लावा. खांबाला किंवा पट्टीला दीड फूट वर भोकांचा दुसरा संच आधीच पाडून ठेवला की पुढे मुले मोठी झाल्यावर चार नट काढून रिंग वर नेता येते.

चेंडूंत ५, ६ आणि ७ असे नंबर असतात. ५ नंबर लहान मुलांचा, सुमारे अर्ध्या किलोपर्यंतचा. ६ नंबर मुलींचा आणि बायकांचा. ७ नंबर मोठ्या मुलांचा आणि पुरुषांचा, तो ६०० ग्रॅमच्या आसपास. एकच चेंडू परवडत असेल तर बिनधास्त ६ नंबर घ्या. मोठ्या मुलांना तो चालतो, मात्र ७ नंबर लहानांना आणि मुलींना जड जातो. थ्री बाय थ्रीमध्ये पुरुषही ६ नंबरच्याच आकाराचा चेंडू वापरतात, हे कुरकुर करणाऱ्या दादाला सांगा. सिमेंटवर खेळायचे तर रबरी चेंडू. चामड्याचा किंवा त्याच्यासारखा दिसणारा महाग चेंडू लाकडी फरशीच्या हॉलसाठी असतो, आपल्या गल्लीत तो महिन्यात खरवडून निघेल. हवा बघायची जुनी रीत सोपी आहे. चेंडू १.८० मीटरवरून, म्हणजे उंच माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून सोडला तर उसळून १.२० ते १.४० मीटरपर्यंत यावा. पंपाची सुई घालण्याआधी ओली करा, नाहीतर व्हॉल्व फाटतो आणि नवा चेंडू पहिल्याच दिवशी जातो.

आता मुलींचे. रिंग लागल्यावर पहिले चार दिवस सगळे खेळतात. पाचव्या दिवसापासून मोठी मुले ताबा घेतात आणि मुली पुन्हा दारात. हे टाळायचे तर वेळ ठरवून ती बोर्डखाली रंगाने लिहून टाका. ‘५ ते ६ मुली’ असे लिहिले की ५ ते ६ मुलीच, आणि तेव्हा महिला मंडळातली एक ताई तिथे खुर्ची टाकून बसलेली. पाळी आली म्हणून खेळ बंद करण्याचे वैद्यकीय कारण नाही, ज्या दिवशी पोट दुखते त्या दिवशी विश्रांती घ्यावी, एवढेच. कपड्यांवरून टोमणे मारणाऱ्यांना त्या ताईनेच गप्प करावे. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली, वाराणसीच्या प्रशांती सिंहला अर्जुन आणि पद्मश्री दोन्ही मिळाले. आपल्या मुलींना पदकेच मिळावीत असे आमचे म्हणणे नाही. त्यांना दम लागेपर्यंत पळता यावे, एवढे पुरे.

दम लागण्यावरून आठवले. एखादी मुलगी दोन मिनिटांत धापा टाकते, डोळ्यांसमोर अंधारी येते, चेहरा पांढुरका दिसतो, तर तिला ‘नाजूक’ म्हणून बसवू नका. देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शंभरात ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला एक मिळणारी निळी लोहाची गोळी पोरी फेकून देतात, ती जेवणानंतर खायला लावा, चहाबरोबर नको. खेळामुळे निदान हे लक्षात तरी येते. घरात बसलेल्या मुलीचे रक्त कमी आहे हे कोणालाच कळत नाही.

चप्पल घालून कोणालाही खेळू देऊ नका. घोटा मुरगळण्याचे ते पहिले कारण आहे. साधे कॅनव्हासचे शाळेचे बूट चालतात. मुरगळलाच तर चोळायचे नाही, मालिश नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून १५-२० मिनिटे, पाय उशीवर उंच, पट्टी. पायावर चार पावलेही भार देता येत नसेल तर एक्स-रे काढायचा. एप्रिल-मे मध्ये पाचच्या आत खेळ नाही, आणि पाण्याची कळशी तिथेच.

मोठ्यांनीही रात्री जेवणानंतर तासाभराने येऊन वीस-पंचवीस चेंडू टाकावेत. साखरेचा आजार असणाऱ्यांना त्या हालचालीचा फायदाच होतो, फक्त इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर खिशात साखरेची पुडी ठेवावी, आणि छातीत दुखले, डावा हात भरून आला तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. मात्र रात्री नऊनंतर चेंडूचा आवाज नको. फरशीवर आपटणारा चेंडू पत्र्याच्या घरात डोक्यात घणासारखा वाजतो, आणि गल्लीत रात्रपाळी करून दुपारी झोपणारेही असतात. दुपारी १ ते ४ ही वेळही त्यांच्यासाठी सोडा. एका झोपमोड झालेल्या माणसाने रिंग उखडून टाकण्यापेक्षा हे बरे.

पैशांचे म्हणाल तर दरवर्षी मंडळाची वर्गणी निघते, हिशोब वाचला जातो, काही शिल्लक राहते. त्या शिल्लकेतून पहिली रिंग व्हायला हवी असे आम्हाला वाटते. आवाजाच्या भिंतींवर एका रात्रीत जाते त्याच्या तुलनेत ही रक्कम किती, ते ज्याने त्याने आपल्या मंडळाच्या वहीत बघावे. दाता मिळाला तर उत्तम, पण बोर्डवर त्याचे नाव-फोटो इतके मोठे नको की नेमाचा चौकोनच झाकला जाईल. हे विनोदाने म्हणत नाही, असे होते.

चेंडू कोणाच्या घरी राहणार, हे रिंग लावण्याच्या दिवशीच ठरवा. ज्या घरी राहील त्या घरात एक मुलगी असावी, आणि चेंडू मागायला गेलेल्या कोणत्याही पोराला तिथून परत पाठवले जाऊ नये. जाळी वर्षभरात तुटेल. ती नायलॉनच्या दोरीने गल्लीतच विणता येते, ४० ते ४५ सेंटिमीटर लांब, खाली थोडी निमुळती.